‘सत्य घटनेवर आधारित’ : अल्पव्ययी हत्यापटांतील एका विधानाचा अर्थविचार

एकामागून एक खून करणाऱ्या माणसांच्या खऱ्या प्रकरणांवर थोड्या भांडवलात काढलेले चित्रपट हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या चित्रपटांच्या आरंभी पडद्यावर एक विधान झळकत असते. आणि विधान आले की ते कोणी केले, कशाच्या बळावर केले व त्याने श्रोत्याला नेमके काय मान्य करावयास लावले, हे पाहणे आपले काम ठरते. ‘सत्य घटनेवर आधारित’ हे ते विधान होय. या तीन शब्दांवर निर्मात्यांचा व्यापार चालतो, प्रेक्षकाचा विश्वास बसतो आणि मृतांच्या नातलगांची अब्रू टांगणीला लागते. प्रस्तुत लेखात या विधानाची रचना, त्यामागील अर्थकारण आणि त्याचे परिणाम यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. संज्ञा आणि नावे

प्रथम संज्ञा पाहू. इंग्रजीतून आलेला ‘सीरियल किलर’ हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांत रुळला आहे. जर्मन भाषेत त्याच अर्थाचा शब्द बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी १९३० मध्ये ड्यूसेलडॉर्फच्या पेटर क्यूर्टेन प्रकरणाविषयी लिहिताना योजिला होता. अमेरिकेत तो १९७० नंतरच्या काळात पोलीस तपासाच्या परिभाषेतून सर्वत्र पसरला. मराठीने मात्र स्वतःचे दोन शब्द पूर्वीच सिद्ध ठेवले होते : ‘हत्याकांड’ आणि ‘हत्यासत्र’. ‘कांड’ म्हणजे ग्रंथाचा विभाग आणि ‘सत्र’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ. एक शब्द ग्रंथाकडून आला, दुसरा यज्ञाकडून. दोहोंत लक्ष वेधले जाते ते घटनेच्या विस्ताराकडे. इंग्रजी शब्दात ते जाते मारणाऱ्याकडे.

हा भेद वरवरचा नव्हे. प्रकरणाला कोणाचे नाव द्यावयाचे, याच्या महाराष्ट्रात तीन रीती दिसतात. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला व झोपड्यांत निजलेल्या गरिबांना ठार मारणाऱ्याचे प्रकरण ‘रमण राघव’ या नावाने, म्हणजे खुन्याच्या नावाने, ओळखले जाते. १९७६ व १९७७ या वर्षांत पुण्यात दहा जणांचे बळी घेणारे प्रकरण ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणून, म्हणजे मृतांच्या कुटुंबांच्या नावाने, ओळखले जाते. परभणी जिल्ह्यात १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुली यांचे जे खून झाले ते ‘मानवत हत्याकांड’, म्हणजे गावाच्या नावाने. पहिल्या रीतीत खुनी प्रसिद्ध होतो आणि मेलेले निनावी राहतात. दुसरीत मृतांच्या वंशजांना आपले आडनाव उच्चारताच तो प्रसंग आठवून देणारा भेटतो. तिसरीत ज्यांचा काही संबंध नाही अशा सबंध गावाला ते नाव चिकटते. चित्रपटाचा निर्माता या तिन्हींतून निवड करीत असतो, आणि ती निवड निष्पाप नसते.

२. थोडे भांडवल आणि खरी घटना

असे चित्रपट बहुधा अल्प खर्चाचेच का असतात, हे समजावून घेणे अवश्य आहे. ज्याच्यापाशी भांडवल थोडे आहे त्याला नामांकित नट मिळत नाही, भव्य देखावे उभारता येत नाहीत आणि जाहिरातीवर खर्चही करता येत नाही. खऱ्या खुनाची हकीकत या तिन्ही उणिवा भरून काढते. कथेचे मोल द्यावे लागत नाही, कारण घडलेल्या घटनेवर कोणाचा लेखाधिकार नसतो. लेखाधिकार असतो तो तिच्या विशिष्ट मांडणीवर. वृत्तपत्रांनी जाहिरात आधीच केलेली असते. अनोळखी चेहऱ्याचा नट हा येथे दोष न ठरता गुण ठरतो, कारण ओळखीचा चेहरा दिसताच सत्याचा भास उणावतो. रस्ते, खानावळी, भाड्याच्या खोल्या जशा असतील तशा चित्रित केल्या म्हणजे काम भागते. कृष्णधवल किंवा १६ मिलिमीटरच्या फितीवरील खरबरीत चित्रही वार्तापटाची आठवण करून देते. तात्पर्य, दारिद्र्य हेच प्रामाण्याचे लक्षण बनते.

उदाहरणे पाहावीत. लेनर्ड कॅसल या ऑपेरा-रचनाकाराने ‘द हनीमून किलर्स’ हा १९७० मध्ये प्रदर्शित झालेला आपला एकमेव चित्रपट काढला. १९५१ च्या मार्चमध्ये सिंग सिंग तुरुंगात देहान्त शिक्षा भोगलेल्या रेमंड फर्नांडेझ व मार्था बेक यांची ती कथा. चित्र कृष्णधवल, नट अपरिचित, आणि खर्च त्या काळच्या हॉलिवुडच्या मानाने नगण्य. जॉन मॅकनॉटन यांचा ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’ शिकागोत सुमारे १,१०,००० डॉलर खर्चून १६ मिलिमीटरवर चित्रित झाला. टॉम हॅन्सन यांचा १९७१ चा ‘द झोडिअ‍ॅक किलर’ तर सुमारे १३,००० डॉलरांत उरकला होता.

या शेवटच्या चित्रपटाची कथा भाषाभ्यासकाला विशेष उद्‌बोधक आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘झोडिअ‍ॅक’ हा खुनी वृत्तपत्रांना पत्रे लिहीत असे, आणि चित्रपट लागला तेव्हा तो मोकळाच होता. हॅन्सन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, खुनी स्वतःवरचा चित्रपट पाहण्यास येईल या आशेने प्रेक्षागृहात एक स्पर्धा ठेवण्यात आली. ‘झोडिअ‍ॅक खून का करतो’ याचे उत्तर प्रेक्षकांनी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावयाचे, आणि बक्षीस मोटारसायकलचे. पेटीत दडलेला माणूस प्रत्येक चिठ्ठीचे अक्षर खुन्याच्या पत्रांतील अक्षराशी ताडून पाही. सापळ्यात कोणी सापडला नाही. परंतु ज्या चित्रपटाला वास्तवाचा आधार हवा होता त्यानेच वास्तवाला चित्रपटगृहात बोलावून आणण्याचा हा यत्न या चित्रप्रकाराचा स्वभाव उघड करतो.

३. विधानाची रचना

आता मूळ विधानाकडे वळू. ‘सत्य घटनेवर आधारित’ या शब्दांत क्रियापद नाही, कर्ता नाही, काळ नाही. ‘आधारित’ हे कर्मणि धातुसाधित; परंतु आधार कोणी घेतला, किती घेतला, हे सांगण्याची जबाबदारी व्याकरणाने कोणावरही टाकलेली नाही. ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययात पाया व इमारत यांचे रूपक दडले आहे. पायात एकच धोंडा खरा असला आणि वरचे सात मजले कल्पनेचे असले, तरी विधान खोटे ठरत नाही. दुसरे असे की ‘सत्य घटना’ हा भाग येथे सांगितला जात नाही, गृहीत धरला जातो. ‘ही घटना सत्य आहे’ असे म्हटले असते तर श्रोता ‘कशावरून?’ असे विचारता. गृहीताला तो प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मराठीत याच्या जवळपासच्या इतर रचना ताडून पाहाव्यात : ‘अमुक घटनेवरून सुचलेली कथा’, ‘अमुक घटनेची हकीकत’, ‘खटल्याच्या कागदपत्रांनुसार’. पहिलीत लेखकाची कल्पना कबूल केली आहे. दुसरीत तपशिलाची हमी आहे. तिसरीत पुराव्याचे ठिकाण दाखविले आहे. ‘आधारित’ या तिन्हींचा लाभ घेते आणि एकीचेही ऋण पत्करत नाही.

टोबी हूपर यांच्या १९७४ च्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ने या सवलतीची परिसीमा गाठली. आरंभीच्या निवेदनात ही एका खऱ्या शोकांतिकेची कथा असल्याचे भासविले असून पडद्यावर १८ ऑगस्ट १९७३ ही तारीख येते. म्हणजे ज्या उन्हाळ्यात चित्रीकरण चालले त्याच उन्हाळ्यातील ही तारीख! तशी कोणतीही घटना टेक्ससमध्ये घडली नव्हती. आधार म्हणावयाचा तर विस्कॉन्सिन राज्यातील प्लेनफील्ड गावच्या एड गीन याचा. त्याला १९५७ मध्ये अटक झाली. दोन स्त्रियांचे खून आणि थडगी उकरून प्रेतांची विटंबना, एवढे त्याच्याबाबत उघड झाले. यांत्रिक करवतीचा त्या प्रकरणाशी संबंध नाही. गीनचे घर व त्यातील भीषण वस्तू एवढाच धोंडा पायात आहे. तथापि हा चित्रपट सत्यकथा आहे असे समजणारे प्रेक्षक पुढे कित्येक वर्षे आढळत राहिले. तारखेतील दिवस, महिना आणि वर्ष यांची नेमकी योजना श्रोत्याला पुराव्यासारखी वाटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

४. चित्राला ‘म्हणे’ नाही

मराठीत ‘म्हणे’ हे एक छोटे पण अत्यंत मोलाचे अव्यय आहे. ‘तो रात्री लोखंडी कांब घेऊन हिंडत असे’ आणि ‘तो म्हणे रात्री लोखंडी कांब घेऊन हिंडत असे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. परंतु दुसऱ्यात बोलणारा सांगतो की हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. त्याचप्रमाणे ‘त्याने मारले’ आणि ‘त्याने मारले असावे’ यांतील अंतर एका माणसाच्या फाशीएवढे असू शकते. न्यायालयाची सारी भाषा या अंतरावर उभी असते.

चलच्चित्राला हे अव्यय उपलब्ध नाही. पडद्यावर हात उगारला गेला की उगारला गेला. प्रतिमा नेहमी निश्चयार्थातच बोलते. ज्या गोष्टी साक्षीदाराने ऐकल्या, पोलिसांनी तर्काने जुळविल्या किंवा आरोपीने कबूल करून पुढे नाकारल्या, त्या सर्व चित्रात एकाच प्रतीच्या सत्य होतात. ‘म्हणे’ गळून पडते. हत्यापटांविषयीचा खरा भाषिक प्रश्न हा आहे, आणि रक्तपाताच्या प्रमाणाविषयी जी चर्चा नेहमी चालते तिच्यापेक्षा तो अधिक खोल आहे.

हेन्री ली लूकस याचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९८३ मध्ये टेक्ससमध्ये पकडला गेल्यावर त्याने शेकडो खुनांची कबुली दिली, आणि निरनिराळ्या राज्यांतील पोलिसांनी आपापली न उलगडलेली प्रकरणे तिच्या आधारे मिटविली. पुढे पत्रकारांनी व टेक्ससच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाने त्याच्या हालचाली तपासल्या, तेव्हा यांतील बहुसंख्य कबुल्या अशक्य ठरल्या. ज्या एका खुनाबद्दल त्याला देहान्त शिक्षा झाली होती त्या खुनाच्या वेळी तो दूर फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी पुढे आल्या. १९९८ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आली. येथे ‘म्हणे’ नुसते गळले नव्हते, तर शासकीय दप्तरातूनच पुसले गेले होते.

मॅकनॉटन यांच्या चित्रपटाचे श्रेय असे की त्याने हे ओळखले. कथा काल्पनिक असून हेन्री नावाच्या माणसाच्या कबुल्यांवर अंशतः अवलंबून आहे आणि त्यांपैकी पुष्कळ त्याने मागाहून नाकारल्या, अशा आशयाची सूचना आरंभीच दिली आहे. शिवाय पहिल्या काही खुनांत कृती दाखविलेलीच नाही. निश्चल प्रेत दिसते आणि घडून गेलेल्या झटापटीचे आवाज तेवढे ऐकू येतात. पाहणे आणि ऐकणे यांची ही फारकत म्हणजे चित्रभाषेत ‘म्हणे’ म्हणण्याचा एक प्रामाणिक यत्न होय. १९८६ मध्ये शिकागोच्या महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट प्रौढांपुरत्या कठोर प्रमाणपत्राच्या अडचणीमुळे १९९० पर्यंत सर्वत्र प्रदर्शित होऊ शकला नाही. जो सत्याविषयी अधिक सावध, त्याचीच वाट अधिक बिकट झाली, असा हा योग.

५. ‘केवळ नावे बदलली आहेत’

१९४६ मध्ये टेक्सस व आर्कान्सॉ या राज्यांच्या सीमेवरील टेक्सारकाना गावी काही आठवड्यांच्या अवधीत आठ जणांवर हल्ले झाले. पाच मृत्यू पावले. खुनी कोण हे सिद्ध झाले नाही. तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, चार्ल्स पिअर्स यांनी या घटनेवर ‘द टाउन दॅट ड्रेडेड सनडाउन’ हा चित्रपट काढला. गावातलीच माणसे दुय्यम भूमिकांत घेतली. आरंभीचे निवेदन सांगते की कथा खरी आहे, जेथे घडली तेथेच दाखविली आहे, केवळ नावे बदलली आहेत. जाहिरातीत खुनी आजही गावाच्या रस्त्यांवर वावरत असल्याचे सांगितले होते. त्यास गावच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली.

येथे ‘केवळ’ हा शब्द तपासावा. नावे तेवढी बदलली म्हणजे बाकीचे सारे जसेच्या तसे आहे, असा त्याचा ध्वनी. वस्तुतः गाव, वर्ष आणि हल्ल्यांचा क्रम खरा ठेवल्यावर नाव बदलून ओळख लपत नाही. आणि ज्या तपशिलांना खरेपणाची हमी मिळाली त्यांतील काही निव्वळ कल्पित होते. ट्राँबोन या वाद्याला सुरी बांधून केलेला खून हा चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग. प्रत्यक्षात तसा खून झालेला नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की एका मृत मुलीचे चित्रण तिच्या भावाला बदनामीकारक वाटले. आपली बहीण हलक्या चालीची आणि शाळा अर्धवट सोडलेली दाखविली, आपली संमतीही घेतली नाही, असे म्हणून तो न्यायालयात गेला. १९७९ मध्ये टेक्ससच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की खाजगीपणाचा हक्क ज्याचा त्याला असतो. तो मृत्यूबरोबर संपतो व नातलगांकडे येत नाही. गाव ओळखू येते, वर्ष ओळखू येते, मुलगी ओळखू येते; आणि तिच्या वतीने बोलण्यास कायद्यात कोणी उरत नाही. चित्रपट मात्र गावाने आपलासा केला, आणि पुढे तेथील उद्यानात तो जाहीरपणे दाखविण्याची प्रथाही पडली.

आपल्या देशातील स्थिती थोडी निराळी आहे. मद्रासचा ‘ऑटो शंकर’ या सहा खुनांबद्दल देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगाराच्या आत्मवृत्ताच्या प्रकाशनावरून वाद निर्माण झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एक महत्त्वाची सीमारेषा आखून दिली. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक अभिलेखांत जे आले आहे ते संमतीवाचूनही छापता येते. त्यापलीकडचे खाजगी आयुष्य संमतीवाचून छापल्यास हक्काचा भंग होतो. आणि लैंगिक अत्याचाराच्या बळींची नावे अभिलेखांत असली तरी ती प्रसिद्ध करू नयेत. याखेरीज मृत व्यक्तीवरील आरोप तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केला असेल तर ती अब्रुनुकसानी ठरू शकते, ही भारतीय दंडविधानातील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. अभिलेखातील आणि अभिलेखाबाहेरील, असा जो भेद न्यायालयाने केला तो आपल्या दृष्टीने ‘म्हणे’ कोठे लावावे हे सांगणारा नियमच होय.

६. महाराष्ट्रातील शीर्षके

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राशी निगडित चार चित्रपटांची शीर्षके पाहावीत. मानवतच्या खुनांवरून अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. शीर्षकात ना गाव आहे, ना माणूस. पूर्वी न घडलेले असे काही घडले, एवढेच तो शब्द सांगतो. हे औचित्याला धरून होते. या खटल्यात माफीच्या साक्षीदारांच्या जबानीला किती वजन द्यावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांना उभे केले होते ती दोन माणसे शेवटपर्यंत दोषी राहिली नाहीत. २०२४ च्या दूरचित्रमालिकेने मात्र गावाचे नाव शीर्षकात परत आणले.

पुण्याच्या प्रकरणावर राजदत्त यांनी १९८६ मध्ये काढलेल्या चित्रपटाचे नाव ‘माफीचा साक्षीदार’. हे पुराव्याच्या कायद्यातील पद. खुनी नव्हे, मृत नव्हे, तर ज्याच्या बोलण्यावरून आपल्याला हे सारे कळले तो माणूस शीर्षकस्थानी आला. कथेचा उगम एका भागीदाराच्या जबानीत आहे, याची आठवण ते नाव सतत देत राहते. ‘म्हणे’ येथे शीर्षकात उतरले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रमण राघवची गोष्ट वेगळी. त्याला २७ ऑगस्ट १९६८ रोजी पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने दिलेली देहान्त शिक्षा पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या समितीच्या तपासणीनंतर जन्मठेपेत बदलली, आणि १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला. तपासणीत आढळले की ‘कानून’ हा साधा शब्द त्याच्या भाषेत एका वेगळ्या जगाचे नाव बनला होता. आपण राहतो ते जग एक आणि ‘कानून’चे जग दुसरे, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये व्हिडिओवर अत्यल्प साधनांत ‘रमण राघव’ काढला. त्यात रघुवीर यादव यांनी हे विस्कटलेले बोलणे जसे उभे केले तसे मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला क्वचितच साधले असते. अनुराग कश्यप यांच्या २०१६ च्या ‘रमण राघव २.०’ने मात्र भाषिकदृष्ट्या अजब प्रयोग केला. भांडवल आखडल्यामुळे जुनी मुंबई उभारणे शक्य नव्हते, म्हणून कथा आजच्या काळात आणली; आरंभी खऱ्या खुन्याची माहिती देऊन लगेच हा चित्रपट त्याच्याविषयी नाही असे सांगितले. नकार प्रामाणिक आहे. परंतु शीर्षकात नाव ठेवून विधानात ते नाकारले, तर श्रोत्याच्या मनात नावच राहते.

७. उपसंहार

या विवेचनाचा निष्कर्ष असे चित्रपट काढू नयेत असा नाही. अल्प भांडवलाने या प्रकाराला जे खरखरीत प्रामाण्य दिले त्यातून काही खरोखर गंभीर कृती निर्माण झाल्या. ज्यांच्या मृत्यूची कोणी फारशी दखल घेतली नसती अशा पदपथावरील माणसांची आठवणही त्यांनी काही अंशी टिकविली. आग्रह आहे तो विधानाच्या शुद्धतेचा. ‘आधारित’ या शब्दामागे चार प्रश्न दडलेले असतात : कोणत्या घटनेवर, कोणत्या पुराव्यावरून, कोणते अंश कल्पित, आणि कोणाच्या संमतीने. निर्मात्याने दोन ओळी अधिक खर्ची घातल्या तर या चारही प्रश्नांची उत्तरे पडद्यावर देता येतील. त्यास भांडवल लागत नाही. आणि जोपर्यंत तो ती देत नाही, तोपर्यंत प्रेक्षकाने प्रत्येक दृश्यापुढे मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडून पाहावे. आपल्या भाषेने हे साधन आपल्याला दिले आहे. ज्यांना आता स्वतःची बाजू सांगता येत नाही, त्यांच्याविषयी बोलताना तरी ते वापरणे आपले कर्तव्य आहे.